इथला 11 वर्षांचा अनुभव तिथं शून्य धरतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सोलापुरातल्या एका बी.एड. कॉलेजात 11 वर्षं शिकवते. वय 37, सेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) झालेली आहे. मुलगा 7 वर्षांचा, मिस्टरांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना. इंग्लंडमध्ये शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करून तिथंच विद्यापीठात लागावं असं मनात आहे. तिथलं रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं? आणि इथला अनुभव तिथं शून्य धरतात का?"

मी सध्या सुट्टीला सोलापुरात, आईकडं आहे. आज आमच्या भागात पाणी येण्याचा दिवस. त्यामुळं हे उत्तर तीन बैठकांत लिहितेय, मधे कुठं सांधा दिसला तर तो पाण्याच्या टाकीचा समजा.

आधी माझं सांगते, म्हणजे सल्ला कुणाचा घेताय ते कळेल. पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी 9 वर्षं प्राथमिकला शिकवलं. पोरं यंत्रमागवाल्यांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी-कन्नड-उर्दू जे हाताशी येईल ते, आणि शाळेत मराठी. मग शिष्यवृत्ती मिळाली, इंग्लंडला गेले, पीएच.डी. झाली, आणि गेली 10 वर्षं वेस्ट यॉर्कशरमधल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभागात आहे. राहते ब्रॅडफर्डला.

आता दुसरा प्रश्न आधी घेते. शून्य धरत नाहीत. मात्र तुमच्या बायोडेटात जे ठळक अक्षरांत असेल, म्हणजे सेट, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळचं काम, अभ्यास मंडळ, परिषदांची ढीगभर प्रमाणपत्रं, त्याकडं कुणी ढुंकूनही बघणार नाही. माझ्या मुलाखतीतला अर्ध्याहून जास्त वेळ एकाच गोष्टीवर गेला. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना मी मराठीतून हातच्याची वजाबाकी कशी समजावायचे? एक बाई पुढं सरकून विचारायला लागल्या, "मग ती मुलं मनातल्या मनात कुठल्या भाषेत मोजायची?" मला उत्तर येत होतं, कारण मुलांचे ओठ हलायचे आणि मला ते दिसायचे. हे मी अर्जात लिहिलंसुद्धा नव्हतं. लिहिण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

तर 11 वर्षांत वर्गात काय दिसलं, ते आठवून एका वहीत लिहायला आजपासून लागा.

आता रोजचं आयुष्य. पहिल्यांदा पदव्यांचं सांगते, कारण घरच्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा तिथं होतो. आपल्याकडं कॉलेजात शिकवणारा प्रत्येक माणूस प्राध्यापक. तिथं लेक्चरर, सिनियर लेक्चरर, काही ठिकाणी रीडर, आणि मग कुठं प्रोफेसर. बरेच जण सिनियर लेक्चरर म्हणूनच निवृत्त होतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मी प्रोफेसर नाही. आई मात्र भाजीवाल्यापासून सगळ्यांना मी प्रोफेसर असल्याचं सांगते, आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. दुसरं म्हणजे सगळे नावानं हाक मारतात, अगदी पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा. 9 वर्षं 'बाई' ऐकलेल्या कानाला हे खटकतं. अजूनही शाळेतलं कुणी फोनवर "ओ बाई" म्हणालं की पाठ सरळ होते.

नोव्हेंबरातला एक मंगळवार घ्या. सकाळी सातला बाहेर अंधारच असतो. ट्रेननं विद्यापीठात. नऊ ते अकरा पीजीसीई करणाऱ्या 22 जणांचा तास. पीजीसीई म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक होण्याचा तिथला एक वर्षाचा अभ्यासक्रम. त्यातले किमान 120 दिवस शाळेत काढावे लागतात. आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.लाही आंतरवासिता, म्हणजे शाळेतला सराव, 20 आठवड्यांची आहेच, पण कागदावरच्या त्या 20 आठवड्यांचं प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही आणि मी दोघी जाणतो. तिथं पळवाट नाही. शाळेतला एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमलेला असतो आणि त्याच्या शब्दाला आमच्या शब्दाइतकंच वजन असतं. छात्राध्यापकानं पाठ टाचण सुवाच्य लिहिलंय का हे कुणी बघत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा काय करत होता, हे मात्र विचारतात.

अकरानंतर ईमेल. याच्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. दिवसाचे दोन-अडीच तास ईमेल खातो. आपल्याकडं जे काम स्टाफरूममध्ये चहाच्या कपावर होतं, ते तिथं लेखी होतं. मग एका विद्यार्थिनीची भेट, ती रडते, घरभाडं परवडत नाही म्हणून रात्री दुकानात काम करते. मग संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक. दुपारी शाळाभेट. शाळेतून बाहेर पडते तेव्हा चार वाजलेले असतात आणि सूर्य मावळलेला असतो. ट्रेनमध्ये निबंध तपासायला घेते.

प्रत्यक्ष शिकवणं आठवड्याला आठ-दहा तास, कधी त्याहून कमी. वर्षाचे साधारण 1,600 तास एका तक्त्यात मांडून ठेवलेले असतात. या विषयाला इतके, त्या समितीला तितके, एक निबंध तपासायला इतकी मिनिटं. कागदावर सगळं जुळतं. तुम्ही शिकवण्यासाठी जाणार असाल, उभं राहून बोलण्याची, फळ्याची, पोरांच्या गलक्याची तुम्हाला ओढ असेल, तर सोलापुरातच जास्त शिकवाल. तिथला धंदा वाचण्याचा आणि लिहिण्याचा आहे. साधारण दर सहा-सात वर्षांनी देशभरातल्या संशोधनाचं सरकारी मूल्यमापन होतं. मागचं 2021 ला झालं, पुढचं 2029 ला आहे. विभागप्रमुखाच्या डोक्यात सदानकदा तेच चालू असतं.

गुणांचं एक सांगून टाकते. उत्तीर्ण व्हायला 40, आणि 70 म्हणजे प्रथम वर्ग, 80 च्या पुढं क्वचितच कुणी जातं. पहिल्या सत्रात मी सढळ हातानं 82, 85 दिले. नियमनासाठी, म्हणजे मी दिलेले गुण बरोबर आहेत का ते तपासायला, उत्तरं बघणाऱ्या सहकाऱ्यानं चहाला बोलावून हळूच विचारलं, "हे निबंध छापायला पाठवायचेत का?" सोलापुरात 70 म्हटलं की आई-बाप विचारतात उरलेले 30 कुठं सांडले. हा आकडा अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली.

आता ब्रॅडफर्ड. इथं जरा थांबते, कारण माझं तिथलं निम्मं आयुष्य या एका साम्यावर चाललंय. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. लिस्टरच्या रेशीम गिरणीची चिमणी अजून उभी आहे, आणि मला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा आपल्या गिरण्यांची आठवण झाली, कारण लहानपणी मी भोंगा ऐकून वेळ सांगायचे. गिरण्यांत रात्रपाळीला माणसं कमी पडली म्हणून पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागातून, पंजाबातून लोक आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापुरात आले, तशीच ही गोष्ट. मागाच्या मागं माणूस आला, माणसाच्या मागं बायका-पोरं, आणि मग शाळेला प्रश्न पडला की या पोरांच्या भाषेचं करायचं काय.

ब्रॅडफर्डच्या शिक्षण खात्यानं काय केलं ते ऐका. 1960 च्या दशकात त्यांनी वस्तीतल्या मुलांना बसमध्ये घालून लांबलांबच्या शाळांत वाटून टाकलं. एका शाळेत फार गर्दी नको म्हणून. पोरं सकाळी अंधारात बसमध्ये. मग 1975 ला सरकारनं नेमलेल्या बुलक समितीचा अहवाल आला. घरची भाषा उंबऱ्याबाहेर टाकून ये असं कुठल्याही मुलाला शाळेनं सांगू नये, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. 1978 च्या सुमाराला ब्रॅडफर्डमध्येच एक प्रयोग झाला. पंजाबी बोलणाऱ्या लहान मुलांना वर्षभर दोन्ही भाषांतून शिकवलं. ती इंग्रजीत मागं पडली नाहीत, आणि पंजाबीही पक्की झाली. आणि मग 1985 ला स्वान समिती या दुसऱ्या सरकारी समितीनं सांगितलं की मातृभाषा शिकवणं हे सरकारी शाळेचं काम नाही, ते समाजानं आपापलं बघावं. समाज बघतोय, मशिदीत, गुरुद्वारात, शनिवारच्या वर्गात. मी विद्यार्थ्यांना हे चार टप्पे शिकवते तेव्हा वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, "तुमच्या गावात काय केलं?"

पहिल्या वर्षी मी फुशारकीनं सांगितलं की आमच्या गावात चार भाषा सहज नांदतात. भाजी घेताना माणूस तीन भाषांत घासाघीस करतो, त्यासाठी कुणी समिती नेमली नाही. हे खरंच आहे. पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण शाळेतल्या माझ्या स्वतःच्या फळ्याच्या कोपऱ्यात, वर्षभर न पुसता, मी काय लिहून ठेवलं होतं ते आठवलं. 'वर्गात फक्त मराठी.' खाली दोन रेघा. तेलुगू बोललं की मॉनिटर नाव लिहायचा. मी वाईट शिक्षिका नव्हते, पोरांचा जीव होता माझ्यावर. पण लिहिलं होतं मीच. आता वर्गात हेही सांगते.

डिसेंबर 2020 मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला म्हणालं, "सोलापूर म्हणजे तेच ना?" सगळ्यांना क्यूआर कोडची पाठ्यपुस्तकं माहीत, आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम उमेदवारांना वाटली तेही माहीत. मला त्यातली तिसरी गोष्ट मोलाची वाटते. त्यांच्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं मराठी. गुरुजींनी सुरुवात तिथून केली. त्याआधी सोलापूरहून परदेशी गेलेला माणूस म्हटलं की मी डॉ. कोटणीसांचं नाव सांगायचे. यॉर्कशरच्या लोकांना ते माहीत नसत, पण माझ्या चिनी विद्यार्थिनी टाळ्या वाजवायच्या.

पैशांचं आणि नोकरीचं झटकन सांगते, कारण यात रमण्यासारखं काही नाही. इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांची वार्षिक फी 2017 पासून आठ वर्षं 9,250 पौंडांवर अडकून होती, 2025 ला ती 9,535 झाली. त्या काळात महागाई कुठल्या कुठं गेली. खड्डा भरला जायचा परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर. जानेवारी 2024 पासून एम.ए.सारख्या अभ्यासक्रमांना येणाऱ्यांना कुटुंब आणता येत नाही, तो ओघही आटला. परिणामी गेली दोन-तीन वर्षं विद्यापीठामागून विद्यापीठात नोकरकपात चालली आहे. माझ्या विभागातले जुने लोक ठरावीक रक्कम घेऊन बाहेर पडले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. नव्यांना नऊ महिन्यांचे, वर्षाचे करार. तुम्ही 41 व्या वर्षी पीएच.डी. होऊन त्या रांगेत उभ्या राहाल. मी घाबरवत नाही. पण 'तिथंच लागावं' हे घर विकून करण्याइतकं पक्कं नाही. शक्य असेल तर कॉलेजातली जागा सोडू नका, बिनपगारी रजा मागा.

कुटुंबाचं मात्र तुमच्या बाजूनं आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला नवरा आणि मूल नेता येतं, नवऱ्याला नोकरीही करता येते. टॉवेलचा कारखाना काही पिशवीत घालून नेता येत नाही, तो विचार तुम्ही दोघांनी बसून करा. आरोग्य अधिभार म्हणून विद्यार्थी व्हिसावर माणशी वर्षाला 776 पौंड भरावे लागतात, आणि सगळ्या वर्षांचे एकदम, आधीच. तीन माणसं, साडेतीन-चार वर्षं, हिशेब करून बघा. शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नका असं मी सगळ्यांनाच सांगते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, काही विद्यापीठांच्या स्वतःच्या असतात.

प्रस्ताव लिहिताना 'सोलापूर शहरातील माध्यमिक शिक्षकांच्या अमुकतमुकचा चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक इथंच ठेवून जा. 200 शिक्षकांना प्रश्नावली, टी-परीक्षिका, परिकल्पना फेटाळली, पाच शिफारशी, इतकं आपण सगळेच डोळे मिटून करू शकतो. एक वर्ग घ्या, एक शाळा घ्या, आणि तुम्हाला स्वतःला खरोखर न सुटलेला एक प्रश्न घ्या. मार्गदर्शक शोधताना त्यांचे दोन लेख पूर्ण वाचा आणि मग एका पानाची ईमेल पाठवा. 'आदरणीय सर' वगैरे नको. तोंडी परीक्षा बंद दाराआड होते. बहुधा दोनच परीक्षक असतात, एक आतला, एक बाहेरचा. टाळ्या नाहीत, हार नाहीत, पेढे नाहीत. माझी दोन तास चालली, 'किरकोळ दुरुस्त्या' म्हणून सही झाली, आणि मी एकटीच बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. मग आईला फोन केला. ती म्हणाली, "जेवलीस का?"

जेवणाचं निघालंच आहे तर सांगते. ब्रॅडफर्डला ज्वारीचं पीठ मिळतं, गुजराती दुकानात 'जुवार' म्हणून. पण ते कधी दळलेलं असतं देव जाणे. पिठाची विरी गेलेली असते, भाकरी थापायला घेतली की काठ फाटतात. उकळतं पाणी घालून, झाकून ठेवून, कोमट असतानाच खसाखसा मळायचं, आणि भाकरी लहान थापायची. हातभर भाकरीचा हट्ट सोडायचा. दर खेपेला 23 किलोच्या बॅगेत शेंगादाण्याची चटणी आणि कडक भाकरी येतात, कडक भाकरी वजनाला हलकी म्हणून परवडते. चटणीचं पाकीट विमानतळावर दोनदा उघडून दाखवावं लागलंय. एकदा तपासणाऱ्यानं चव घेऊन मान डोलावली.

चुकतं ते वेगळंच. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा, इतक्या वर्षांत मी दोनदाच पाहिली, कारण जानेवारीत नेमके निबंध तपासायचे असतात. नंदीध्वजांची मिरवणूक मी फोनवर पाहते, भाचा हात वर करून धरतो आणि नंतर कुरकुरतो. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, आणि आईला हे 14 वर्षांत पटलेलं नाही. "सरकारनं सांगितलं म्हणून वेळ कशी बदलेल?" वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. यावर जास्त लिहीत नाही. जाण्याआधी याचा विचार प्रत्येकानं आपापला करायचा असतो.

शेवटी एक प्रसंग. पीएच.डी.नंतर मी पूर्व भागातल्याच एका शाळेत, माझ्या नव्हे, दुसरीच्या वर्गात दीड महिना बसले होते. मला तेलुगू कळतं, पण मोडकंतोडकं. एक मुलगी गणिताच्या तासाला शेजारणीकडं वळून तेलुगूत भराभर काहीतरी बोलली, बोटांनी मोजून दाखवलं, शेजारणीनं मान हलवली आणि उदाहरण सोडवलं. मी टिपणात लिहिलं की ही मुलगी घरच्या भाषेत हातचा समजावून देते आहे. त्यावर पानभर विवेचन केलं. लेख चांगल्या नियतकालिकात आला, दोन परीक्षकांनी नेमक्या त्याच उताऱ्याचं कौतुक केलं.

पुढच्या खेपेला लेखाची प्रत वर्गशिक्षिकेला द्यायला गेले. त्यांनी पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाई, हे इंग्रजी मला वाचायला दोन दिवाळ्या लागतील. माझ्या वर्गाबद्दल काय लिवलंय ते मराठीत सांगा की." मी रात्री बसून हातानं दोन पानं मराठीत काढली आणि सकाळी नेऊन दिली. त्यांनी मधल्या सुट्टीत, डबा खाताखाता वाचली. एका ओळीपाशी थांबल्या, आणि हसायलाच लागल्या. त्या वर्गात 17 वर्षं तेलुगू ऐकत आलेल्या. "अहो, ती हातचा कुठला समजावतेय? तिच्या तीन पेन्सिली हिनं नेल्या होत्या. त्या परत दे, नाहीतर तुझ्या आईला सांगते, असं चाललं होतं. मला आठवतंय, मीच मिटवलं नंतर. आणि उदाहरण तिनं फळ्यावरचं बघून केलं."

नियतकालिकाला मी कळवलं, दुरुस्ती छापून आली, बारीक टाईपात. तेव्हापासून जे काही लिहिते त्याची दोन-तीन पानं आधी मराठीत लिहून त्या-त्या वर्गात वाचायला देते आणि मगच इंग्रजीला हात घालते. तुमच्या प्रस्तावात पद्धतीचा भाग लिहाल तेव्हा ही पायरी त्यात घाला, तिला वेळ धरा, महिना तरी. बाईंनी परत दिलेली ती दोन पानं माझ्या ब्रॅडफर्डच्या टेबलावर काचेखाली आहेत. समासात लाल पेननं एक फुली आहे, आणि शेजारी 'पेन्सिल!' एवढंच लिहिलंय.